हरवलेला पासपोर्ट आणि नसलेला दाखला

मराठीत पासपोर्टचे साहित्य कोणते, असे विचारले तर बहुतेक वाचक प्रवासवर्णनांकडे बोट दाखवतील. ते स्वाभाविकच आहे. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०), अलीकडच्या काळात मीना प्रभूंचे ‘माझं लंडन’; परदेश आपल्या माजघरात आला तो अशा पुस्तकांमधून. या वाङ्मयप्रकारात पासपोर्टला एक ठरलेली जागा आहे, ती म्हणजे सुरुवातीची प्रकरणे. कचेरीतल्या खेपा, फोटो, व्हिसा, लस टोचून घेणे, निरोपाला जमलेले नातेवाईक. विमान सुटले की पासपोर्ट खिशात जातो आणि पुस्तकातूनही नाहीसा होतो.

मला या पुस्तिकेकडे ती हरवते त्या क्षणापासून पाहायचे आहे. खिशात असताना तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही; हरवल्यावर मात्र ती कशाची बनली होती हे दिसू लागते. त्या धाग्याने मागे जात राहिलो, तर आपण प्रवासवर्णनाच्या कपाटापाशी थांबत नाही. ‘उचल्या’, ‘अक्करमाशी’, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांच्या कपाटापाशी येतो. ही दोन कपाटे आपल्या समीक्षेने आजवर वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली आहेत. ती एकाच खोलीत हवीत, एवढेच मला सांगायचे आहे.

हे मी शहापूर-मुरबाडच्या परिसरात राहून लिहितो आहे, आणि विषयाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. या दोन तालुक्यांत अशी घरे आहेत, ज्यांची मुले आखातात किंवा अमेरिकेत आहेत. त्याच गावांच्या कडेला कातकरी वाड्या आहेत, जिथली कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दोघेही स्थलांतरितच. एकाचा कागद हरवतो, दुसऱ्याकडे मुळात कागद नसतो. तहसील कचेरीच्या आवारात मात्र दोघे एकाच रांगेत असतात.

परदेशात पासपोर्ट हरवला तर काय होते, हे आधी पाहू. पहिली पायरी त्या देशातल्या पोलिसांची. हरवल्याची नोंद करायची आणि तिची प्रत घ्यायची. दुसरी पायरी भारतीय वकिलातीची. तिथे दोन वाटा फुटतात. परत येण्याची घाई असेल तर ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. हा एकाच दिशेचा कागद: याच्यावर भारतात येता येते, दुसरीकडे कुठेही जाता येत नाही. तिथेच राहायचे असेल तर नव्या पुस्तिकेसाठी अर्ज करायचा. जुनी रद्द होते, आणि नंतर ती गादीखाली सापडली तरी तिच्यावर प्रवास करता येत नाही. आतापर्यंतच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण छापलेले असते. म्हणजे हरवलेले पुस्तक नव्या पुस्तकात एका ओळीपुरते राहते.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. पुस्तिका भारत सरकारची, पण तिच्यातली राहण्याची परवानगी दुसऱ्या सरकारची. ती भारतीय वकिलात देऊ शकत नाही. अमेरिकेत ग्रीन कार्ड हरवले तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो; पासपोर्टमधला व्हिसा हरवला तर अमेरिकेत राहून तो पुन्हा मिळतच नाही, त्यासाठी देशाबाहेरच्या अमेरिकी वकिलातीपुढे उभे राहावे लागते. तोवर माणूस तिथे कायदेशीरपणे राहू शकतो. पण बाहेर गेला तर नव्या व्हिसाशिवाय परतू शकत नाही. आई आजारी आहे असा फोन मुरबाडहून येतो तेव्हा या नियमाचा अर्थ कळतो.

या सगळ्या पायऱ्यांवर एक गोष्ट समान आहे. माणूस ‘मी अमुक’ म्हणतो ते कोणी ऐकून घेत नाही. आधीच्या नोंदीशी ते जुळते का, एवढेच पाहिले जाते. आधीची नोंद तपासायची तर चौकशी शेवटी गावाकडे वळते. पत्त्याची पडताळणी स्थानिक पोलीस ठाण्याकडून. जन्मतारीख ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीवरून किंवा शाळेच्या दाखल्यावरून. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आता पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखला चालतो. त्याआधीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र अशा पर्यायांची मुभा आहे. दहावीच्या प्रमाणपत्राला आणखी एक वजन आहे. १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टावर उत्प्रवासन तपासणीची अट येते, आणि आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना त्याला वेगळी मंजुरी लागते. मुरबाडच्या एखाद्या शाळेतला दहावीचा निकाल अशा रीतीने रियाधच्या विमानतळापर्यंत जातो.

शाळेच्या रजिस्टरात एक गंमत आहे, आणि ती गंभीर आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. घरी तारीख कोणाला ठाऊक नसे. मोठ्या पुरात, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, भात झोडायच्या दिवसांत, अशा आठवणी असत. शाळा जूनमध्ये सुरू होई. गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवत आणि १ जून लिहीत. आपल्या साहित्यव्यवहाराने या गुरुजींना लेखक मानलेले नाही. पण परदेशात सर्वाधिक वाचले गेलेले मराठी लेखन कदाचित त्यांचेच असेल. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यापुढे जी तारीख सत्य म्हणून जाते, ती एका गुरुजींच्या अंदाजाची निर्मिती असते. ज्या काल्पनिक मजकुराची शासन अक्षरशः शहानिशा करते आणि तो खरा ठरवते, असा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

जन्मस्थळाचेही तसेच. शहापूर तालुक्यातल्या तानसा (१८९२) आणि नंतरच्या भातसा या जलाशयांतून मुंबईला पाणी जाते. भातसा धरणात जी गावे गेली, तिथे जन्मलेल्या माणसाच्या कागदावर जन्मस्थळ म्हणून पाण्याखालच्या गावाचे नाव असते. १ ऑगस्ट २०१४ला ठाणे जिल्हा विभागून पालघर वेगळा झाला; शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले, पण शेजारच्या जव्हार, मोखाडा, वाड्याच्या माणसाचा जुना दाखला एका जिल्ह्याचा आणि नवा रहिवास दुसऱ्या जिल्ह्याचा झाला. गाव हलते, जिल्हा बदलतो, कागदावरचा शब्द मात्र तिथेच थांबलेला असतो. हरवलेल्या कागदाच्या जागी नवा मिळवताना हे सगळे थर पुन्हा खणावे लागतात.

पासपोर्ट ही नैसर्गिक गोष्ट आहे असे आपल्याला वाटते, पण तिचा आपल्याकडचा इतिहास फार जुना नाही. मुरबाडहून जवळच्या कल्याणची मुलगी आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाली तेव्हा तिला आजच्यासारखा पासपोर्ट लागला नाही. तिला लागली ती समाजाची परवानगी. आपण अमेरिकेला का जातो, हे तिने त्याच वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगितले. समुद्र ओलांडणाऱ्याला परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. त्या काळी पुनःप्रवेशाचा शिक्का जातीकडे होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५च्या भारत संरक्षण कायद्याखाली, पासपोर्टची सक्ती आली आणि १९२०च्या कायद्याने ती कायम झाली. स्वातंत्र्यानंतरही पासपोर्ट देणे-न देणे ही सरकारची मर्जी होती. १९६७मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि त्याच वर्षी आजचा पासपोर्ट कायदा झाला. त्या कायद्यानेही पुस्तिकेची मालकी मात्र सरकारकडेच ठेवली. आपण तिचे धारक, मालक नव्हे.

परवान्याचा हा इतिहास एका मराठी आयुष्यात एकवटलेला दिसतो. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत गेले, गदर चळवळीत सामील झाले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, आणि शेवटी मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून स्थिरावले. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. पण मायदेशाने? स्वातंत्र्यानंतर त्यांनी भारतात येण्यासाठी अर्ज केला तेव्हा तो आधी नाकारला गेला, कारण इंग्रजांनी केलेली प्रवेशबंदीची यादी स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांत अजून चालू होती. नंतर ती चूक दुरुस्त झाली. वीणा गवाणकरांनी मराठीत आणि कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. ही चरित्रे आपण क्रांतिकारकाची किंवा शास्त्रज्ञाची म्हणून वाचतो. मला ती कागदपत्रांची चरित्रे म्हणूनही वाचावीशी वाटतात. ज्याने देशासाठी देश सोडला, त्याच्याबद्दल देशाकडे नोंद होती, पण ती शत्रूच्या हस्ताक्षरातली. खानखोज्यांचा कागद हरवलेला नव्हता. चुकीचा कागद जिवंत राहिला होता.

इथून आपण दुसऱ्या कपाटाकडे वळू शकतो. कारण शत्रूच्या हस्ताक्षरातली नोंद म्हणजे काय, हे मराठीत सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते प्रवासवर्णनकारांनी नव्हे, भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींच्या माणसांची नावे जन्मामुळेच सरकारी रजिस्टरात चढली. पुढच्या दुरुस्त्यांसह हा कायदा १९५२पर्यंत टिकला. अशा माणसाला हजेरी द्यावी लागे आणि नेमून दिलेली हद्द सोडायची तर पास लागे. पास न घेता गाव सोडणे हा गुन्हा होता. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) आजोबांच्या पिढीची ही हजेरी येते. पासपोर्टचा हा देशांतर्गत भाऊ आहे. एक पुस्तिका माणसाला जगात कुठेही जाऊ देण्याची विनंती करते. दुसरी चिठ्ठी शेजारच्या गावी जायची मुदत ठरवते. दोन्हींवर नाव, वर्णन, मुदत आणि अधिकाऱ्याची सही. आपल्या साहित्याच्या इतिहासात मात्र पहिलीला ‘प्रवास’ म्हटले गेले आणि दुसरीला ‘वेदना’.

‘उचल्या’च्या आरंभीच गायकवाड सांगतात की त्यांना धड जन्मतारीख नाही, गाव नाही, घर-शेत नाही. हे वाक्य आपण कारुण्याने वाचत आलो. पासपोर्टचा अर्ज समोर ठेवून ते पुन्हा वाचावे. अर्जाचे रकाने एकेक करून रिकामे राहत जातात, असे ते लेखन आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेच्या रजिस्टरात वडिलांचे नाव कोणाचे लागणार, हा केवळ भावनिक प्रश्न नाही, रकाना रिकामा राहिला तर पुढचा प्रत्येक कागद अडतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारे वडील मुलाला शाळेत घालतात, आणि भटकंती व शाळेचा पट यांचे कसे जमत नाही ते दिसत राहते. पट एका जागी थांबणाऱ्या माणसासाठी केलेला आहे.

आता शहापूर-मुरबाडकडे येऊ. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी स्मृतीत कागद आला तो सावकाराच्या हातात. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात वारल्यांची वेठबिगारी आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी गडी होऊन राहणारे लग्नगडी भेटतात. त्यांनाही नोंद होती. ती मालकाच्या वहीत होती आणि तिच्याखाली त्यांचा अंगठा होता. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. ते गाव आमच्या या दोन तालुक्यांच्या वेशीवरचेच. त्यानंतरच्या लढ्याने वेठ मोडली. पण वहीतून सुटलेला माणूस आपोआप सरकारी रजिस्टरात आला, असे झाले नाही.

राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत तीन जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यातली कातकरी आमच्याकडची. १५ नोव्हेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत घरे, रस्ते यांच्याबरोबर आधार कार्ड, जातीचा दाखला अशा कागदांसाठी शिबिरे घ्यावी लागली, यातच सगळे आले. जातीच्या दाखल्यासाठी आदिवासी अर्जदाराला ६ सप्टेंबर १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशापर्यंत मागे जावे लागते. त्या काळी कुटुंब कुठे राहत होते, त्याचा पुरावा हवा. ज्याचे आजोबा कोळशाच्या भट्टीवर जन्मले, त्याने शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली नोंद कुठून आणावी?

कागद नसला की मग गोष्ट सांगावी लागते. दाखला मिळाल्यावर त्याची पडताळणी होते. १९९४च्या माधुरी पाटील खटल्यापासून या कामाची रीत ठरली: तपासणी समिती, तिचे दक्षता पथक, घरी येऊन चौकशी. देव कोणते, लग्नात काय करता, मयताला काय करता, बोली कोणती, असे प्रश्न विचारून माणूस त्या जमातीचा आहे की नाही ते ताडायचे. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर आणि महादेव कोळी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही. २४ मार्च २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या खटल्यात सांगितले की ही चाचणी प्रत्येक वेळी निर्णायक कसोटी मानता येणार नाही, आणि संविधानपूर्व काळातल्या कागदांना पुरावा म्हणून सर्वाधिक वजन आहे. न्यायाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा. पण यातला दुसरा अर्थही पाहावा. जुना कागद असेल तर देव विचारले जाणार नाहीत. कागद नसेल तर देवांनाच साक्षीला यावे लागेल.

परदेशात पासपोर्ट हरवलेला माणूस आणि पडताळणी पथकापुढे बसलेला ठाकूर, यांना मी शेजारी बसवतो आहे. यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पहिल्याची गैरसोय तात्पुरती, दुसऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची. दोन्हींना एक म्हणणे म्हणजे दुसऱ्याचे दुःख पातळ करणे. मी त्यांना एक म्हणत नाही. उलट त्यांतला फरक नीट दिसावा म्हणून त्यांना शेजारी आणतो. हरवणे ही नोंद असलेल्याचीच मिरास आहे. ज्याचा पासपोर्ट हरवतो त्याचा क्रमांक कुठेतरी शाबूत असतो. वकिलातीला फक्त तो शोधायचा असतो. ज्याची नोंदच झाली नाही, त्याला हरवल्याची तक्रारही करता येत नाही. आपली भाषा हा फरक चांगला जाणते. ‘कागद गेला’ आणि ‘कागद नाही’ ही वाक्ये कोणताही खेडूत एकमेकांच्या जागी वापरत नाही.

आणखी एक माणूस या दोघांच्या मधोमध उभा आहे आणि तो आपल्या साहित्यात जवळजवळ नाहीच. आखातात मजुरीला गेलेला, ज्याचा पासपोर्ट हरवलेला नसून मालकाच्या तिजोरीत आहे. बहुतेक आखाती देशांच्या कायद्यांत याला मनाई आहे, आणि आपल्या कायद्याप्रमाणे ती पुस्तिका भारत सरकारची मालमत्ता आहे. तरी हे घडते. पळून वकिलातीत आलेला असा माणूस एकाच दिशेच्या कागदावर मायदेशी येतो. त्याच्याबद्दल बातमी येते, पुस्तक येत नाही. अनिवासी मराठी लेखनात अमेरिका भरपूर आहे, आखातातली मजूर वसाहत फार थोडी. या माणसाला वाचायचे असेल तर प्रवासवर्णनाची सूत्रे कामाला येणार नाहीत. ‘लग्नगडी’ हा शब्द मात्र येईल. कर्ज काढून जाणे, मालकाकडे अडकणे, कागद दुसऱ्याच्या हाती असणे: परुळेकरांनी ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत पाहिलेले हे नाते समुद्रापलीकडे पुन्हा भेटते.

म्हणून समीक्षेकडे माझी मागणी साधी आहे. प्रवासवर्णन वाचताना लेखकाने काय पाहिले, याबरोबर त्याला कोणत्या कागदाने जाऊ दिले हेही विचारावे. आत्मकथन वाचताना लेखकाने काय सोसले, याबरोबर त्याचे नाव पहिल्यांदा कोणत्या रजिस्टरात, कोणाच्या हस्ताक्षरात आले हेही विचारावे. हे दोन प्रश्न विचारले की विनोदी आणि करुण असे पडलेले विभाग थोडे सैल होतात, आणि आनंदीबाई, खानखोजे, ‘उचल्या’तले आजोबा, वीटभट्टीवरची कातकरी बाई हे एकाच इतिहासातले लोक दिसू लागतात. जाऊ देणे, परत घेणे आणि ओळख मान्य करणे यांचा तो इतिहास आहे.

आता ओळख पुस्तिकेतून संगणकात जाते आहे. ब्रिटनने २०२४च्या अखेरीस परदेशी रहिवाशांची प्लास्टिकची परवाना कार्डे मागे टाकून ई-व्हिसाचा मार्ग धरला. यापुढे पासपोर्ट गाडीत विसरण्याची भीती कमी होईल. पण जी नोंद पहिल्यांदाच व्हायची आहे, ती संगणकालाही कुठून सापडणार? शहापूर-मुरबाडमध्ये अजून रजिस्टर लिहिले जाते आहे. ग्रामपंचायतीत, आश्रमशाळेत, शिबिराच्या मांडवात बसलेला माणूस आज जो रकाना भरतो किंवा रिकामा सोडतो, त्यावर ५० वर्षांनी कोणाला कुठे जाता येईल हे ठरणार आहे. त्याच्या टेबलापलीकडच्या आईला मुलाची जन्मतारीख विचारावी, आणि ती भातलावणीचे दिवस सांगू लागली तर सरळ १ जून न लिहिता थोडा वेळ तिचे ऐकावे.